ऑपरेशनची तयारी तोंडापासून

ऑपरेशन ठरले की घरात यादी तयार होते. पैसे कुठून उभे करायचे, जनआरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधारच्या किती झेरॉक्स लागतील, रक्त कोण देणार, रात्री दवाखान्यात कोण थांबणार, मुले कोणाकडे राहतील, डबा कोण पोचवणार. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात या यादीत प्रवासाचीही भर पडते. नंदुरबारला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तरी हृदयाचे किंवा कॅन्सरचे मोठे ऑपरेशन म्हटले की बरीच घरे धुळे, सुरत, नाशिक नाहीतर मुंबईचा रस्ता धरतात. धडगावकडच्या माणसाला तर सातपुड्याचा घाट उतरून रेल्वेपर्यंत यायलाच अर्धा दिवस जातो. एवढ्या मोठ्या यादीत एक गोष्ट मात्र सहसा कोणी लिहीत नाही. ती म्हणजे पेशंटचे तोंड.

ऑपरेशन हृदयाचे असो, पोटाचे असो की गुडघ्याचे, तोंडाचा त्याच्याशी काय संबंध, असे कोणालाही वाटेल. संबंध आहे आणि तो अगदी जवळचा आहे. आमच्या घराला तो अम्मींच्या ऑपरेशनने शिकवला. आम्ही दोघेही शिक्षक, एक उर्दू शाळेत, एक मराठी शाळेत. शिकलेले सांगितल्याशिवाय चैन पडत नाही, हा आमच्या पेशाचा गुण म्हणा की खोड. नात्यात किंवा मोहल्ल्यात कोणाचे ऑपरेशन ठरले की आम्ही हाच विषय काढतो. काही जण हसतात, "आले ब्रशवाले मास्तर" म्हणतात. हसू देत. हसणाऱ्यांपैकी दोघांनी नंतर घरी येऊन सगळे नीट विचारून घेतले.

आधी दातांची चिठ्ठी

अम्मींच्या हृदयाचा एक व्हॉल्व्ह खराब झाला होता. लहानपणी घसा दुखून ताप आला, सांधे सुजले, घरच्या काढ्यावर दिवस काढले, ताप गेला. पण त्या आजाराने व्हॉल्व्हवर केलेली इजा साठीत वर आली. जिना चढताना दम लागायचा, रात्री तीन-तीन उश्या घेऊन बसल्या-बसल्या झोपायच्या. सुरतच्या एका दवाखान्यात तपासण्या झाल्या, कृत्रिम व्हॉल्व्ह बसवायचे ठरले, तारीखही मिळाली. त्याच कागदाच्या खाली सर्जननी एक ओळ लिहिली होती: दातांच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणा, मगच भरती.

भाईजान चिडले. "छाती उघडायची आहे आणि हे दात बघतात!" त्यांचा राग समजण्यासारखा होता. रजा टाकलेल्या, रक्त देणारी मुले ठरवलेली, आपा मालेगावहून मुलांसह येऊन थांबलेली. हातची तारीख गेली तर पुढची कधी मिळेल, याची धास्ती सगळ्यांनाच. सर्जननी मात्र न चिडता दहा मिनिटे समजावून सांगितले.

किडलेल्या दाताच्या मुळाशी आणि सुजलेल्या हिरडीत जंतूंची वस्ती असते. चावताना, दात घासताना त्यातले थोडे जंतू रक्तात शिरतात. एरवी शरीर त्यांचा बंदोबस्त करते. पण हृदयात कृत्रिम व्हॉल्व्ह बसवलेला असेल तर हे जंतू त्याच्यावर ठाण मांडू शकतात. तिथला संसर्ग औषधांनी हटवणे फार कठीण. कधी पुन्हा छाती उघडावी लागते, कधी जिवावर बेतते. म्हणून व्हॉल्व्ह बदलणारे डॉक्टर आधी दात तपासून घेतात. ऑपरेशन झाल्यानंतरही दात काढायचा किंवा हिरड्यांची सफाई करायची तर व्हॉल्व्हबद्दल दातांच्या डॉक्टरांना आधी सांगावे लागते, कारण त्याआधी प्रतिजैविकाचा डोस घ्यायचा असतो. गुडघ्याचा किंवा खुब्याचा सांधा बदलतानाही अनेक डॉक्टर आधी तोंडातला संसर्ग नाही ना, हे पाहून घेतात.

आम्ही परत आलो आणि नंदुरबारलाच दातांच्या डॉक्टरांना दाखवले. अम्मींच्या दोन दातांची नुसती मुळे उरली होती. एका दाढेखाली पू होता. खालचे दोन दात हलत होते. हिरड्यांच्या कडेने वर्षानुवर्षांचा पिवळा कठीण थर साचला होता. अम्मींनी आजवर एका शब्दाने तक्रार केली नव्हती. दुखले की लवंग दाबायची आणि दुसऱ्या बाजूने चावायचे. आपल्या घरांतल्या कितीतरी बायकांची हीच रीत आहे. घरातल्या प्रत्येकाच्या दुखण्यावर इलाज होतो, त्यांच्या दाढेची पाळी मात्र येत नाही.

दातांच्या डॉक्टरांनी आधी औषध देऊन, दोन खेपांत पाच दात काढले, बाकीचे साफ केले, जखमा भरल्याचे पाहिले आणि चिठ्ठी दिली. तीन आठवडे गेले. ते तीन आठवडे घरात सगळ्यांनाच लांबल्यासारखे वाटले. पण ऑपरेशनच्या दिवशी अम्मींच्या तोंडात पू नव्हता आणि हलणारा दातही नव्हता. हलत्या दाताचे महत्त्व भूल देणाऱ्या डॉक्टरांनी सांगितले. पूर्ण भूल देताना श्वासाची नळी तोंडातूनच घशात घालतात. त्या वेळी सैल दात निसटला तर तो थेट श्वासनलिकेत जाण्याची भीती असते.

तोंडातून फुप्फुसात

रक्ताचा रस्ता झाला, दुसरा रस्ता फुप्फुसाचा. मोठ्या ऑपरेशननंतर जखमेची काळजी सगळे घेतात, पण पुष्कळ पेशंटना खरा त्रास देतो तो न्यूमोनिया. तो कसा होतो ते समजून घेतले तर तोंडाचे महत्त्व आपोआप कळते.

लाळ ही तोंडाची धुलाई आहे. ती सतत वाहते, आपण ती गिळतो आणि जंतूंची संख्या आवाक्यात राहते. ऑपरेशनच्या आधी उपाशी ठेवतात. नंतर ऑक्सिजनच्या हवेने, काही औषधांनी आणि तोंड उघडे टाकून झोपल्याने तोंड कोरडे पडते. लाळ आटली की जिभेवर, दातांवर चिकट थर चढतो आणि त्यात जंतू वाढतात. गुंगीत असलेल्या माणसाला नीट गिळता येत नाही, टाके दुखतात म्हणून जोरात खोकता येत नाही. मग तोंडातले ते घाण पाणी थेंबाथेंबाने घशातून खाली फुप्फुसात उतरते. श्वासाची नळी असेल तर हा धोका आणखी वाढतो.

जपानमध्ये या गोष्टीचा मोठा हिशेब मांडला गेला आहे. तिथे एप्रिल २०१२ पासून ऑपरेशनच्या आगेमागे दंतवैद्याकडून तोंडाची निगा राखण्याचा खर्च सरकारी आरोग्य विम्यात धरला जातो. कॅन्सरच्या मोठ्या ऑपरेशनच्या ५ लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासणारा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. वय, आजार वगैरे फरक हिशेबात धरल्यावर असे दिसले की, ज्यांचे तोंड ऑपरेशनआधी दंतवैद्याने साफ केले होते त्यांच्यात न्यूमोनिया ३.२८ टक्के होता, ज्यांचे केले नव्हते त्यांच्यात ३.७६ टक्के. ३० दिवसांतले मृत्यू ०.३० टक्के विरुद्ध ०.४२ टक्के. आकडे लहान वाटतात. पण गणित मांडले तर दर १० हजार रुग्णांमागे १२ मृत्यूंचा फरक होतो. ते १२ जण कोणाच्या तरी घरचे अम्मी-अब्बा आहेत.

दुसरी गोष्ट तर आणखी सोपी आहे. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात १५ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. दवाखान्यात भरती असलेल्या ज्या रुग्णांचे दात रोज ब्रशने घासले गेले, त्यांच्यात दवाखान्यात होणारा न्यूमोनिया सुमारे एकतृतीयांशाने कमी आढळला. सर्वांत जास्त फायदा श्वासाच्या मशीनवरच्या रुग्णांना झाला, आणि अतिदक्षता विभागातले मृत्यूही कमी झाले. दिवसातून दोनदा घासणे आणि तीन किंवा त्याहून जास्त वेळा घासणे यांत विशेष फरक दिसला नाही. म्हणजे यासाठी महागडे यंत्र लागत नाही. लागतो तो वीस-तीस रुपयांचा मऊ ब्रश, आणि तो हातात धरणारा माणूस.

तयम्मुममध्ये चूळ नसते

हा माणूस कोण, हाच खरा प्रश्न आहे. अम्मी दोन रात्री अतिदक्षता विभागात होत्या. तिथे नळी होती तोवर तोंडाची सफाई सिस्टरच करत होत्या. मग त्या वॉर्डात आल्या. छातीवर पट्टी, हाताला सलाईन, उठायची ताकद नाही. डॉक्टरांनी पाण्यापासून जपायला सांगितलेले. इमामसाहेबांना फोनवर विचारले. त्यांनी सांगितले, तयम्मुम करा, पडल्या-पडल्या इशाऱ्याने नमाज पढा, अल्लाहने आजाऱ्याला ही सवलत दिली आहे. अम्मींना फार समाधान वाटले. नमाज सुटणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी आपाच्या लक्षात एक गोष्ट आली. वुजूत आपण तीन वेळा चूळ भरतो. पाच वेळच्या नमाजा, म्हणजे दिवसाला पंधरा चुळा. शिवाय नमाजापूर्वी मिसवाक करण्यावर आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एवढा भर दिला की, उम्मतला जड जाणार नसते तर प्रत्येक नमाजासाठी मिसवाकची आज्ञाच केली असती, अशा अर्थाची हदीस आहे. निरोगी नमाजी माणसाचे तोंड असे दिवसभर धुतले जात असते. तयम्मुममध्ये मात्र चेहरा आणि हात येतात, चूळ येत नाही. इबादतीसाठी तयम्मुम पुरेसा आहे, त्यात तिळमात्र शंका नाही. पण तोंडाची जी धुलाई वुजूबरोबर न मागता होत होती, ती नेमकी त्याच दिवसांत बंद पडते, जेव्हा तोंड सर्वांत कोरडे आणि सर्वांत घाण होत असते. पंधरा चुळांवरून एकदम शून्यावर. सवलत नमाजाची आहे. तोंडाची सफाई घरच्यांना वेगळी आठवणीने करावी लागते.

वॉर्डात हे काम कोणाचे, ते कोणालाच माहीत नव्हते. एका सिस्टरकडे तीस-पस्तीस खाटा. त्यांना वाटे, नातेवाईक करतील. नातेवाइकांना वाटे, दवाखान्याचे काम आहे. सफाईच्या मावशी म्हणत, आम्ही फक्त खालचे बघतो. इंजेक्शनची वेळ, गोळीची वेळ, लघवी किती झाली, सगळे तक्त्यावर लिहिलेले. तोंडासाठी तक्त्यावर रकानाच नव्हता.

शेजारच्या खाटेवर शहाद्याकडचे एक आजोबा होते. पोटाचे ऑपरेशन. चार मुलगे, सुना, नातवंडे, माणसांची काही कमी नाही. पण पाच दिवसांत त्यांचे तोंड कोणी उघडून पाहिले नव्हते. जिभेवर पांढरा थर, ओठांना चिरा. अन्नाला चव नाही म्हणून खात नव्हते. खात नव्हते म्हणून अंगात बळ नव्हते. बळ नाही म्हणून उठून बसत नव्हते. बसत नव्हते म्हणून खोकून कफ पडत नव्हता. एका गोष्टीला दुसरी अशी बांधलेली होती. मुलगे डॉक्टरांना टॉनिक मागत होते. आपाने धाकट्या सुनेला हळूच सांगितले. तिने सिस्टरना विचारून सासऱ्यांना टेकवून बसवले, मऊ ब्रशने दात आणि जीभ साफ केली, चूळ भरायला लावली. दोन-तीन दिवसांत आजोबा खिचडीला मीठ कमी आहे म्हणून कुरकुरू लागले. सून म्हणाली, "भांडायला लागले, म्हणजे आता बरे होतात." नुसत्या ब्रशने ते बरे झाले, असे आम्ही म्हणणार नाही. औषधे चालूच होती. पण खाणे सुरू झाले ते तोंड साफ झाल्यावर, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले.

आजाऱ्याचे तोंड साफ करणे हे काही हलके काम नाही. प्रेषितांच्या (स.) अखेरच्या आजारातला प्रसंग आपण सर्वांनी ऐकला आहे. ह. आयेशा (र.) यांचे बंधू ह. अब्दुर्रहमान (र.) हातात मिसवाक घेऊन आले. प्रेषितांची (स.) नजर त्या मिसवाककडे गेली. ह. आयेशा (र.) यांनी ती नजर ओळखली, हवी का म्हणून विचारले, त्यांनी मानेने होकार दिला. ह. आयेशांनी (र.) ती मिसवाक चावून मऊ केली आणि दिली. बुखारीत ही हकीगत आहे. बयानात आपण ती मिसवाकचे महत्त्व सांगण्यासाठी ऐकतो. अम्मींच्या खाटेशी बसून आम्हाला त्यात आणखी एक गोष्ट दिसली. आजाऱ्याने मागण्याची वाट पाहिली गेली नाही. नजर ओळखून विचारले गेले, आणि त्याच्या तोंडाला सोसेल इतके मऊ करून दिले गेले. खिदमत करणाऱ्याने यापेक्षा जास्त काय शिकायचे?

मशेरी, गुटखा आणि सुपारी

आता एक अवघड विषय. आपल्या भागात कितीतरी बायका सकाळी दातांना मशेरी लावतात. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि बोटाने हिरड्यांवर घासायची. त्यांच्या लेखी ते दंतमंजनच. "आम्ही काही तंबाखू खात नाही," असे त्या मनापासून सांगतात. पण मशेरी म्हणजे तंबाखूच. महाराष्ट्रात २०१६-१७ च्या पाहणीत दर चार प्रौढांमागे जवळपास एक जण बिनधुराची तंबाखू वापरत असल्याचे दिसले. गुटख्यावर राज्यात जुलै २०१२ पासून बंदी आहे. टपरीवर तो मिळतो की नाही, हे वाचकांना आम्ही सांगायला नको.

ऑपरेशनच्या बाबतीत तंबाखू दोन्ही बाजूंनी मारते. ती हिरड्या खराब करते आणि निकोटीनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात, जखमेपर्यंत रक्त कमी पोचते, टाके उशिरा भरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना सांगितले की, ऑपरेशनच्या किमान चार आठवडे आधी सोडली तर गुंतागुंतीचा धोका कमी होतो. म्हणून तारीख ठरल्या दिवशीच तंबाखू बंद करावी आणि किती वर्षांची सवय आहे ते भुलीच्या डॉक्टरांना न लाजता सांगावे. सासूबाईंसमोर सून सांगत नाही, सुनेसमोर सासू सांगत नाही. अशा वेळी त्यांना डॉक्टरांशी एकटीने बोलू द्यावे. वॉर्डात "मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही" म्हणून उशीखाली पुडी सरकवणारे नातेवाईक आम्ही पाहिले आहेत. ती माया नव्हे. पोट साफ होण्याचे औषध सिस्टरकडे मागता येते.

सुपारीचे नुकसान वेगळे. गुटखा, मावा किंवा नुसती गोड सुपारी सतत चघळल्याने गालांच्या आतली कातडी कडक होते आणि तोंड हळूहळू उघडेनासे होते. अशा माणसाला भूल द्यायची म्हणजे डॉक्टरांची परीक्षा, कारण श्वासाची नळी घालायला तोंड तर उघडले पाहिजे. भूल देण्याआधी ते आपल्याला आ करायला सांगतात ते यासाठीच. साधारणपणे स्वतःची तीन बोटे एकावर एक धरून दातांमध्ये मावली पाहिजेत. शाळेत एकदा सातवी-आठवीच्या मुलांना आम्ही हे करून पाहायला सांगितले. सगळी मुले हसत-खिदळत आ करून बसली. एका मुलाची दोनच बोटे गेली. मधल्या सुट्टीत विचारले तर खिशातून गोड सुपारीच्या पुड्या निघाल्या. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला कायद्याने बंदी आहे; गोड सुपारी मात्र तंबाखू नसल्याने गोळ्या-बिस्किटांच्या बरणीशेजारी राजरोस लटकते. मुलाच्या वडिलांना बोलावून आधी दातांच्या डॉक्टरांकडे पाठवले. घरात ही तीन बोटांची तपासणी सर्वांनी एकदा करावी. पैसा लागत नाही.

आणि ज्यांना तोंडाचाच कॅन्सर होतो त्यांच्यासाठी तोंडाची निगा हा उपचाराचाच भाग असतो. परळचे टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ पासून आहे आणि आपल्या जिल्ह्यातूनही अनेक जण तिथे जातात. जबड्याला शेक, म्हणजे रेडिएशन, द्यायचे असेल तर खराब दात आधीच काढून घेतात. शेक घेतलेल्या हाडाला जखम भरून काढणे जमत नाही. नंतर दात काढला तर ती जखम महिनोन् महिने चिघळू शकते. आमच्या ओळखीतल्या एका रिक्षावाल्या भाईंचे असे ऑपरेशन झाले. नाकातून नळीने दूध-पेज चालू होती. नातेवाईक म्हणायचे, तोंडाने काही खातच नाहीत, मग तोंड धुवायचे कशाला? उलट आहे. जे तोंड चावत नाही, गिळत नाही, ते जास्त लवकर घाण होते. भाभींनी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे दिवसातून कितीतरी वेळा चुळा भरायला लावल्या, घड्याळ लावून रात्रीसुद्धा.

घरच्यांनी काय करावे

आम्ही आता नात्यात ज्याचे ऑपरेशन ठरते त्याला हे लिहून देतो.

तारीख ठरली की दातांच्या डॉक्टरांना दाखवा. प्रत्येक ऑपरेशनला चिठ्ठी लागतेच असे नाही. पण हृदय, सांधा, कॅन्सर किंवा पूर्ण भुलीचे मोठे ऑपरेशन असेल तर सर्जनना स्वतःहून विचारा. सरकारी रुग्णालयात दंतवैद्य कोणत्या दिवशी बसतात ते आधी चौकशी करून जा. धुळ्यात दंत महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी खर्च सहसा कमी येतो. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल, मधुमेह असेल, हृदयाचा आजार असेल तर ते आधी सांगा. हिरड्यांचा संसर्ग साखर वाढवतो आणि वाढलेली साखर जखम भरू देत नाही, म्हणून मधुमेहींनी हे दुप्पट आठवणीने करावे.

अपघात, अपेंडिक्स, अचानक करावे लागलेले सिझेरियन यांत दातांच्या डॉक्टरांना वेळ मिळत नाही. तिथे एक मिनिटही थांबू नका. नंतरची सफाई तर आपल्या हातात आहेच. गरोदर बाईला दात दाखवायचे असतील तर मधले तीन महिने सोयीचे असतात. बाळंतपणाच्या आधी हे काम उरकून घ्यावे.

ऑपरेशनच्या दिवशी "काही खायचे-प्यायचे नाही" म्हणजे दात घासायचे नाहीत, असा अर्थ बहुतेक घरांत घेतला जातो. घासून थुंकता येते, फक्त पाणी गिळायचे नाही. तरी भुलीच्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या. कवळी असेल तर काढून नाव लिहिलेल्या डबीत ठेवा, रुमालात गुंडाळू नका. रुमालातली कवळी चादरीबरोबर धुलाईला जाते आणि मग महिनाभर पेशंट पातळ पेजेवर राहतो.

ऑपरेशननंतर सिस्टरना विचारा, "तोंड कधीपासून साफ करू?" परवानगी मिळाली की दिवसातून दोनदा, मऊ ब्रशने. पेशंटला टेकवून बसवा किंवा डोक्याकडची बाजू वर करा. पेस्ट वाटाण्याएवढी. आधी दात, मग हिरड्यांची कड, शेवटी जीभ. पाणी एका वेळी घोटभरच, आणि थुंकायला तस्त जवळ. जो शुद्धीत नाही किंवा ज्याला थुंकता येत नाही, त्याच्या तोंडात पाणी ओतू नका. ते फुप्फुसात जाईल. सिस्टरकडून शिकून घेऊन ओल्या गॉजने किंवा जेमतेम ओल्या ब्रशने पुसून घ्या. रक्त पातळ होण्याचे औषध चालू असताना कडक मिसवाक किंवा कडुलिंबाची काडी हिरडीला लागून रक्त येऊ शकते. तोपर्यंत मऊ ब्रशच बरा. नंतर मिसवाक आहेच. हिरडीतून रक्त थांबत नसेल, तोंडात पांढरे चट्टे दिसले किंवा ताप-खोकला सुरू झाला तर लगेच डॉक्टरांना सांगा.

आणि घरात एकाचे नाव ठरवा. "सगळे मिळून बघू" म्हटले की कोणीच बघत नाही. आमच्याकडे सकाळची पाळी आपाची होती आणि इशानंतरची भाईजानांची. तेच भाईजान, जे दातांच्या चिठ्ठीवर चिडले होते. एका हातात तस्त आणि एका हातात ब्रश घेऊन ते अम्मींना म्हणायचे, "अम्मी, आ करा," आणि अम्मी लहान मुलासारखा चेहरा करून आ करायच्या. लहानपणी अम्मींनी भाईजानांचे दात किती रडारडीत घासले होते, त्याचा हिशेब त्या वेळी निघायचा. अलहम्दुलिल्लाह, बाराव्या दिवशी अम्मी घरी आल्या. आज त्या उभ्याने नमाज पढतात, नवी कवळी लावून भाकरीही खातात, आणि नातवंडे झोपायच्या आधी त्यांची तोंडे स्वतः तपासतात.

शरीर ही आपल्याकडे दिलेली अमानत आहे, असे आपण मुलांना शिकवतो. तोंड त्या अमानतीतून वगळलेले नाही. बीमारपुर्सीला जाण्याची आपल्या घरांत चांगली रीत आहे. आपण फळे नेतो, बिस्किटे नेतो, आणि ती पेशंटपेक्षा सोबतचे जास्त खातात. पुढच्या वेळी जाताना त्या पिशवीत एक मऊ ब्रश, छोटी पेस्ट आणि एक प्लास्टिकची तस्त टाका. दुआ करून झाली की सोबतच्या माणसाला बाजूला घेऊन एवढेच विचारा, "आज यांचे तोंड कोणी साफ केले?"